वाटणीत सुटलेल्या विधवा: प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ चा प्रकरण अभ्यास

डीकनची, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत सेवेसाठी नेमलेल्या माणसाची, नेमणूक असते त्या रविवारी बहुतेक मंडळ्यांत एकच उतारा वाचला जातो: नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय, पहिली सात वचनं. उपदेशही साधारण ठरलेला असतो. प्रेषितांना, म्हणजे येशूच्या बारा प्रमुख शिष्यांना, प्रार्थनेसाठी आणि वचनासाठी वेळ पुरेना, म्हणून जेवणाखाण्याचं काम त्यांनी सात जणांवर सोपवलं. तसंच पाळकांचा भार हलका करायला डीकन हवेत. यात चुकीचं काही नाही, पण हे प्रकरण मधूनच वाचायला घेतल्यासारखं होतं. वेळेचा मुद्दा प्रेषितांनी नंतर काढला. त्याआधी काही विधवांना जेवण मिळेनासं झालं होतं.

डीकनच्या कामाची तयारी करणाऱ्यांबरोबर हा उतारा मी अनेकदा वाचला आहे. सुरुवातीला मी त्यांना ‘डीकन’ हा शब्दच विसरायला सांगते. आधी बिघाड समजून घेऊ, नेमणुकीचं नंतर बघू.

एक मंडळी, दोन भाषा

यरुशलेमची मंडळी तेव्हा अगदी नवी होती. पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशी सुमारे ३,००० लोक सामील झाले आणि थोड्याच काळात नुसत्या पुरुषांची संख्या ५,००० च्या घरात गेली. ज्यांच्याकडे जमीन किंवा घर होतं ते लोक ते विकून पैसे आणत, प्रेषितांच्या पायांशी ठेवत आणि ज्याला जशी गरज असेल तसं त्यातून वाटलं जाई. कुप्र बेटावरच्या बर्णबाने शेत विकून असाच पैसा आणला. हनन्या आणि सप्पीरा यांनीही आणला, पण त्यातला काही मागे ठेवून. पैसा यायचा तोही बारा जणांच्या पायांशी आणि जायचा तोही तिथूनच. ३,००० माणसांत हे कसंबसं निभत असेल. त्यापुढे नाही.

या मंडळीतले जवळजवळ सगळे यहूदीच होते, तरी त्यांचे दोन गट पडत. एक गट त्याच प्रदेशात वाढलेला, घरात अरामी बोलणारा. या पुस्तकाचा लेखक लूक त्यांना इब्री म्हणतो. दुसरा गट भूमध्य समुद्राकाठच्या शहरांतून यरुशलेमला येऊन राहिलेल्या ग्रीकभाषी यहूद्यांचा. त्यांची सभास्थानं, म्हणजे यहूदी प्रार्थनास्थळं, तीही वेगळी. याच अध्यायात पुढे मुक्त झालेल्या गुलामांच्या सभास्थानाचा आणि कुरेने, आलेक्सांद्रिया, किलिकिया इथल्या लोकांचा उल्लेख येतो. १९१३ च्या सुमाराला यरुशलेमच्या उत्खननात एक ग्रीक शिलालेख सापडला. थिओडोटस नावाच्या याजकाने सभास्थान बांधल्याची ती नोंद आहे: मोशेचं नियमशास्त्र वाचायला, आज्ञा शिकवायला आणि परदेशातून येणाऱ्या गरजूंसाठी उतरायच्या खोल्या आणि पाण्याची सोय. लूक ज्यांच्याबद्दल लिहितो ती माणसं अशाच ठिकाणी ये-जा करणारी असणार.

यांच्यात विधवा पुष्कळ असाव्यात, असं बरेच अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं. उतारवयात मंदिराजवळ राहावं, पवित्र नगरीतच माती व्हावी, या ओढीने जोडपी येत. नवरा आधी गेला की मागे बाई उरे. मुलं, भाऊ, दीर सगळे समुद्रापलीकडे. नियमशास्त्र परका, अनाथ आणि विधवा यांची नावं वारंवार एका दमात घेतं. ही बाई विधवाही होती आणि परकीही. त्यात येशूला मानू लागल्यावर जुन्या सभास्थानाकडून मिळणारी मदत आटली असेल, तर मंडळीची रोजची वाटणी हाच तिचा एकमेव आधार उरला होता.

कुरकुर

लूक तक्रार एकाच वाक्यात सांगतो. शिष्यांची संख्या वाढत होती, ग्रीकभाषी लोक इब्र्यांविरुद्ध कुरकुर करू लागले, कारण रोजच्या वाटणीत त्यांच्या विधवांची उपेक्षा होत होती. उपेक्षेसाठी त्याने वापरलेल्या ग्रीक क्रियापदात एखाद्याच्या पलीकडे बघण्याचा, समोर असून नजरेतून सुटण्याचा भाव आहे. नव्या करारात हे क्रियापद या एकाच ठिकाणी येतं. काळही असा की, एकदा चूक होऊन गेली असं नाही, पुन्हा पुन्हा तेच होत राहिलं. कोणी लबाडी केली, कोणी धान्य दाबलं, असं मात्र लूक कुठेही म्हणत नाही.

इथे शिकणारे नेहमी विचारतात, मग चूक कोणाची? मी त्यांना माझीच गोष्ट सांगते. मंडळीच्या मदतनिधीची वही काही वर्षं माझ्याकडे होती. वही भरली की नवी घ्यायची आणि नावं उतरवून काढायची. एकदा एका आजींचं नाव जुन्या पानाच्या अगदी तळाशी, शेवटच्या ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. पान उलटताना ते राहून गेलं. तीन महिने त्यांना मदत गेली नाही. त्यांनी विचारलंही नाही. मंडळीनेच थांबवली असेल, आपला नंबर संपला असेल, असं त्या धरून चालल्या होत्या. चूक लक्षात आल्यावर मी दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून ताडून पाहिल्या. माझ्या रोजच्या बोलण्यातल्या घरांपैकी एकाचंही नाव सुटलं नव्हतं. ती नावं मला वहीत बघावीच लागत नव्हती. सुटलं होतं ते ज्यांच्याशी माझं कधी मोकळं बोलणं झालं नव्हतं, त्यांचं.

यरुशलेममध्ये वाटणाऱ्यांची भाषा अरामी असेल, तर ग्रीक बोलणारी बाई कशी सुटली हे कळायला फार कल्पना लढवावी लागत नाही. आज वाटणी कुठे आहे, किती वाजता आहे, घरात किती माणसं आहेत, हे सगळं तोंडी चालणारं काम. तिला विचारलेलं कळत नाही, तिने सांगितलेलं वाटणाऱ्याला कळत नाही. पुढच्या दिवशी ती येतच नाही, आणि ती आली नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण तिला नावाने ओळखणारा वाटणाऱ्यांत कोणीच नसतो.

‘कुरकुर’ या शब्दावरही थोडं थांबायला हवं. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द इस्राएल लोकांच्या रानातल्या कुरकुरीसाठी येतो, तोही अन्नावरूनच. तिथे तो दोष म्हणून येतो. म्हणजे बारा जणांना या लोकांना गप्प बसवायला शास्त्राधार तयार होता: रानातल्या लोकांसारखे वागू नका, धीर धरा, एकी मोडू नका. मंडळीत तक्रार करणाऱ्याला हे आजही ऐकावं लागतं. बारा जणांनी यातलं एक अक्षर उच्चारलं नाही.

बारा जणांचा निर्णय

त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावलं. तक्रार करणाऱ्यांना बाजूला घेऊन समजावलं नाही. सभेत ते म्हणाले की, देवाचं वचन सोडून आम्ही पंक्तीची सेवा करावी हे योग्य नाही. तुमच्यातले सात जण शोधा, चांगली साक्ष असलेले, आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेले. त्यांना आपण या कामावर नेमू. आम्ही प्रार्थना आणि वचनाची सेवा करत राहू.

या वाक्यावरून पंक्तीची सेवा खालची आणि वचनाची वरची, असा अर्थ पुष्कळदा काढला जातो. मूळ ग्रीकमध्ये बघितलं तर तो टिकत नाही. पहिल्या वचनातली रोजची वाटणी म्हणजे ‘दियाकोनिया’. दुसऱ्या वचनातलं पंक्तीला वाढणं हे त्याचंच क्रियापद. चौथ्या वचनात प्रेषित स्वतःसाठी जे ठेवतात ती वचनाची सेवा, तीही ‘दियाकोनिया’च. एकच शब्द ताटालाही लागला आणि उपदेशालाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्यात मोठा कोण यावरून शिष्यांचा वाद झाला, तेव्हा येशूने स्वतःला वाढणाऱ्याच्या जागी ठेवलं होतं, आणि तेही याच शब्दाने. ती गोष्ट लिहिणाराही हाच लूक.

निवडीच्या अटी बघा. हिशेब येणारा, धडधाकट, वेळ असलेला माणूस हवा, असं ते म्हणाले नाहीत. वाटणीसाठी त्यांनी आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली माणसं मागितली. ज्याने हे काम केलं आहे त्याला यात नवल वाटणार नाही. दोन गरजवंत समोर उभे आहेत, मदत एकाला पुरेल एवढीच आहे, एक बोलका आणि एक मुका. अशा वेळी हिशेबाचं कौशल्य कामाला येत नाही.

सात हा आकडा कुठून आला असेल? इतिहासकार जोसेफस लिहितो की मोशेच्या व्यवस्थेत प्रत्येक गावाचा कारभार सात जणांकडे असे. असा ठरीव आकडा लोकांच्या परिचयाचा असावा. मदतीच्या कारभाराबद्दल यहूदी परंपरेत पुढे स्पष्ट नियमही लिहिले गेले: इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात म्हटलं आहे की गरिबांचा निधी दोघांनी गोळा करावा आणि तिघांनी वाटावा. एकट्याच्या हातात कधीच नाही.

आता नावं. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. नाव ग्रीक म्हणजे माणूस ग्रीकभाषीच, असं ठामपणे म्हणता येत नाही. बारा प्रेषितांतही एक फिलिप्प आहे आणि एक अंद्रिया. पण सातपैकी सातही ग्रीक असणं, आणि त्यातला निकलाव तर जन्माने यहूदीही नसून यहूदी धर्म स्वीकारलेला, हे सहज घडलेलं वाटत नाही. बहुसंख्य इब्री असलेल्या सभेने साऱ्या मंडळीच्या वाटणीची किल्ली तक्रार करणाऱ्या बाजूच्या माणसांच्या हाती दिली.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि तो सांगितला जात नाही. त्यांच्यापुढे सोपे मार्ग होते. चार इब्री आणि तीन ग्रीकभाषी अशी समिती नेमता आली असती. त्याहून सोपं म्हणजे ग्रीकभाषी लोकांना त्यांचा वेगळा निधी काढून द्यायचा: तुमच्या विधवा तुम्ही बघा, आमच्या आम्ही. त्या दिवसापुरती कुरकुर थांबली असती आणि यरुशलेममध्ये दोन मंडळ्या झाल्या असत्या. त्यांनी पंक्ती एकच ठेवली आणि वाढणारे हात बदलले. आता इब्री विधवांना त्यांचा वाटा या सात जणांच्या हातून घ्यायचा होता. ज्यांच्या नजरेतून कोणी सुटलं होतं त्यांनाच आणखी नीट बघा म्हणून बजावणं, एवढ्यावर त्यांनी भागवलं नाही. ज्यांना त्या बायका नावानिशी ठाऊक होत्या त्यांना त्यांनी पुढे आणलं.

मग प्रार्थना झाली आणि सातांच्या डोक्यावर हात ठेवले गेले. मोशेने यहोशवावर हात ठेवला होता, तसे. ग्रीक वाक्याची रचना अशी आहे की हात प्रेषितांनी ठेवले की साऱ्या सभेने, हे दोन्ही अर्थ निघतात.

पुढे

सातव्या वचनात लूक लिहितो की देवाचं वचन पसरत गेलं, शिष्य वाढले आणि याजकांपैकीही पुष्कळ जण विश्वासात आले. तक्रारीचा पुन्हा उल्लेख नाही.

ही व्यवस्था मात्र फार टिकली नसावी. त्याच अध्यायात स्तेफनाला पकडतात, पुढच्यात दगडमार करून मारतात. छळ सुरू होतो आणि प्रेषित सोडून सगळे पांगतात. फिलिप्प शोमरोनला जातो, मग रानातल्या वाटेवर कूश देशाच्या कांदके राणीच्या खजिनदाराच्या रथाशेजारी धावत जाऊन विचारतो, जे वाचताय ते समजतंय का? पुढे दुष्काळाच्या वेळी अंत्युखियाच्या मंडळीने यरुशलेमला मदत पाठवली ती तिथल्या मंडळीच्या वडिलांकडे, म्हणजे जाणत्या पुढाऱ्यांकडे, गेली; सात जणांचं नावही तिथे येत नाही.

यावरून काही अभ्यासक म्हणतात की हे सात जण वाढपी नव्हतेच, ते ग्रीकभाषी गटाचे पुढारी होते आणि लूकने एका मोठ्या भांडणाला छोट्या तक्रारीचं रूप दिलं. ते पुढारी असतीलही. म्हणूनच तर लोकांनी त्यांना निवडलं. पण त्यांच्याकडे पंक्तीचं काम देणं ही निव्वळ लूकची रचना होती, असं मला वाटत नाही. रथातला तो माणूस परका होता, षंढ असल्यामुळे देवाच्या मंडळीत नियमशास्त्राने त्याला जागा नव्हती, हातात पोथी होती आणि समजावणारा कोणी नव्हता. अशा माणसाच्या शेजारी जाऊन बसणारा फिलिप्प मला विधवांच्या पंक्तीतला फिलिप्पच वाटतो.

मग हे डीकन होते का?

‘दियाकोनोस’, म्हणजे डीकन, हे नाम या उताऱ्यात नाही. लूकच्या दोन्ही पुस्तकांत ते कुठेच येत नाही. ते मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्या वचनात अध्यक्षांच्या जोडीने येतं आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात त्यांच्या पात्रतेसह येतं: गंभीर, एकवचनी, मद्याच्या आहारी न गेलेले, पैशाला न लोभणारे, आणि आधी पारखून घेतलेले. किंख्रियाच्या मंडळीतल्या फीबीसाठीही पौल हाच शब्द वापरतो. मराठी बायबलमध्ये तिथे ‘सेविका’ असल्यामुळे वाचकाच्या ते लक्षात येत नाही.

इ. स. १८० च्या सुमारास बिशप आयरेनियसने स्तेफनाला प्रेषितांनी निवडलेला पहिला डीकन म्हटलं. दोनशे वर्षांनी प्रसिद्ध उपदेशक जॉन क्रिसोस्टमने ते अमान्य केलं आणि ६९२ सालच्या चर्चच्या परिषदेने त्याचाच आधार घेऊन या सातांना पुढच्या काळातल्या वेदीजवळच्या डीकनपदापासून वेगळं ठेवलं. माझं मत असं: पद नंतरचं, काम इथलं. मंडळ्यांनी हे धरून ठेवलं याचा पुरावा आकड्यांत दिसतो. इ. स. २५१ मध्ये रोमचा बिशप कॉर्नेलियस याने एका पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद दिली आहे: ४६ प्रिस्बिटर (याजक), पण डीकन सातच; आणि मंडळी पोसत असलेल्या विधवा आणि गरजू १,५०० हून जास्त. सात वर्षांनी सम्राट व्हॅलेरियनच्या छळात रोमचे डीकन मारले गेले, त्यांत गरिबांचा निधी सांभाळणारा लॉरेन्सही होता.

मधल्या शतकांत पश्चिमेकडे डीकनपद याजक होण्याआधीची एक पायरी होऊन बसलं. १५४१ मध्ये प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विनने जिनिव्हाच्या नियमावलीत डीकनांची दोन कामं वेगळी केली: काहींनी निधी सांभाळायचा, काहींनी आजारी आणि गरिबांची प्रत्यक्ष देखभाल करायची. कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, कायमस्वरूपी डीकनपद पुन्हा सुरू करण्याची वाट मोकळी केली. विवाहित पुरुषांनाही ते मिळू शकतं.

या प्रकरणात जे सुटलं

ज्या विधवांवरून हे सगळं घडलं त्यातली एकही इथे बोलत नाही. त्यांच्यासाठी त्यांच्या गटातले पुरुष बोलले, आणि निवडलेले सातही पुरुष होते. बायकांपर्यंत पोचायला बायकाच हव्यात, ही गोष्ट तेव्हा कोणाला सुचलीच नाही. तीन अध्याय पुढे यापो इथे टबीथा भेटते. तिचं प्रेत माडीवरच्या खोलीत ठेवलेलं आहे. प्रेषित पेत्र आत येतो तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं त्याला दाखवतात. तिला कोणी नेमलं नव्हतं, तिच्यावर कोणी हात ठेवले नव्हते. कोणत्या बाईला कोणतं माप, हे मात्र तिला माहीत असणार. नव्या गटांना मी हे दोन्ही अध्याय एकत्र वाचायला देते, आणि मग आपापल्या मंडळीची वही उघडून शेवटचं नवं नाव कधी चढलं ते बघायला सांगते.

स्तेफनाच्या मृत्यूनंतर सुमारे २० वर्षांनी फिलिप्प पुन्हा एकदा दिसतो. तो कैसरियात राहतो, त्याला संदेश सांगणाऱ्या चार मुली आहेत, आणि लूक त्याची ओळख सुवार्तिक आणि ‘सातांपैकी एक’ अशी करून देतो. त्याच्याकडे पौल उतरायला येतो. स्तेफनाला मारणाऱ्यांनी कपडे ज्याच्या पायांशी ठेवले होते, आणि ज्याच्या छळामुळे फिलिप्पाला यरुशलेम सोडावं लागलं होतं, तोच हा पौल. मासेदोनिया आणि अखया इथल्या ग्रीकभाषी मंडळ्यांनी यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी पोचवायला तो निघाला आहे. या कामाला रोमकरांस पत्रात त्याने ‘दियाकोनिया’ म्हटलं आहे. पैशाच्या बाबतीत कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं त्याने या कामात सोबत घेतली आहेत. फिलिप्पाच्या घरी ते पुष्कळ दिवस राहिले.